सुट्टीतली सहल : जपानची, पुण्याची आणि हक्काची

वार्षिक परीक्षा संपल्या की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, "सुट्टीत कुठं जायचं?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. मामाच्या गावाला जायचे, दिवसभर रानात हिंडायचे, कैऱ्या पाडायच्या आणि रात्री अंगणात आडवे व्हायचे. आता गावाकडे मामाच राहिलेला नाही. तोही पोटासाठी भोसरीच्या नाहीतर चाकणच्या कंपनीत आला आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहू लागला. मुलांची सुट्टी मात्र जूनच्या मध्यापर्यंत पसरलेलीच आहे.

त्यात आता मोबाईलने जग घरात आणले आहे. शेजारच्या सोसायटीतले एखादे कुटुंब मे महिन्यात जपानला जाऊन येते. त्यांचे टोकियोच्या डिस्नेलँडमधले फोटो त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला दाखवले जातात. ती घरी येऊन कौतुकाने सांगते आणि मग तिचा मुलगा विचारतो, "आई, आपण कधी जायचं?" आईजवळ उत्तर नसते. मग ती रागावते, नाहीतर "तू साहेब झालास की जाऊ" म्हणून वेळ मारून नेते.

आमचे म्हणणे असे आहे की मुलाच्या या प्रश्नावर रागावू नये. खेळ, विश्रांती आणि मौज हा मुलांचा हट्ट नाही, तो त्यांचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात तसे स्पष्ट म्हटले आहे आणि १९९२ साली भारताने ती संहिता स्वीकारली आहे. प्रश्न इतकाच, की कष्टकरी कुटुंबाने हा हक्क कर्ज न काढता, मान न झुकवता कसा मिळवायचा? म्हणून या वेळी आम्ही जपानच्या त्या करमणूक नगरीची माहिती देणार आहोत आणि तिथून आपल्या पुण्यात परत येणार आहोत.

जपानात आहे तरी काय?

टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ रोजी सुरू झाले. अमेरिकेबाहेरचे ते पहिलेच डिस्नेलँड. नाव टोकियोचे असले तरी ते टोकियो शहरात नाही. शेजारच्या चिबा प्रांतात उरायासू नावाचे गाव आहे, तिथे समुद्रात भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर ते उभे आहे. २००१ साली त्याच्याच शेजारी डिस्नेसी हे दुसरे उद्यान झाले आणि त्याच वर्षी ओसाका शहरात युनिव्हर्सल स्टुडिओ सुरू झाला. २०२२ साली आयची प्रांतात घिबली पार्क उघडले. त्यात मोठ्या पाळण्यांवर भर नाही. जुन्या सार्वजनिक उद्यानातली झाडी राखून, चित्रपटातली घरे तिथे खरोखर बांधून ठेवली आहेत.

या उद्यानांना इंग्रजीत थीम पार्क म्हणतात. जत्रेतला पाळणा आणि थीम पार्क यांत फरक असा, की इथे एखादी गोष्ट धरून सगळी दुनिया रचलेली असते. समुद्री चाच्यांची गोष्ट असेल तर बोट, अंधार, तोफांचे आवाज, कामगारांचे कपडे, सगळे त्या गोष्टीला साजेसे. आत शिरलेल्या माणसाला बाहेरची इमारत, बाहेरचा रस्ता दिसू नये अशी बांधणीच असते. मुलांना वेड लागते ते त्यामुळे.

आता खर्चाचे बोलू. १९८३ साली मोठ्या माणसाचे दिवसभराचे तिकीट ३,९०० येन होते. ऑक्टोबर २०२३ पासून ते गर्दीच्या दिवसानुसार ७,९०० ते १०,९०० येन झाले. मुलांचे ४,७०० पासून पुढे. आईबाप आणि दोन लहान मुले स्वस्तातल्या दिवशी गेली तरी २५,२०० येन, म्हणजे सुमारे चौदा-पंधरा हजार रुपये केवळ फाटकातून आत जाण्याचे. विमान, व्हिसा, राहणे, जेवण धरले की हिशेब लाखांत जातो. ही रक्कम आपल्या बहुतेक वाचकांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईची आहे.

तरीही मराठी माणसाला जपान अगदीच परके नाही. टोकियोच्या एदोगावा विभागात निशि-कासाई नावाचा भाग आहे. २००० सालच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी भारतातून अनेक अभियंते तिथे गेले आणि कुटुंबांसह राहिले. त्यांत मराठी घरेही आहेत. डिस्नेलँड त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर आहे, आपल्याला सारसबाग असावी तसे. पुण्यात जपानी भाषा शिकण्याची परंपरा जुनी आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग चालतात आणि जपानी भाषेची आंतरराष्ट्रीय परीक्षा पुण्यातच देता येते. ज्या मुलाला आज जपान पाहायचे आहे, त्याच्यापुढे हा रस्ताही ठेवावा. तिकिटापेक्षा वर्गाची फी स्वस्त असते आणि भाषा जन्मभर पुरते.

भरावाखाली काय गेले?

या झगमगाटाची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. उरायासू हे मूळचे कोळ्यांचे गाव. शिंपल्या गोळा करणे आणि समुद्री शेवाळ वाढवणे हा तिथला धंदा. १९५८ साली वरच्या अंगाला असलेल्या कागद कारखान्याने नदीत काळे पाणी सोडले आणि मासे, शिंपल्या मरू लागल्या. चिडलेले कोळी कारखान्यावर चालून गेले, पोलिसांशी त्यांची झटापट झाली. या प्रकरणानंतर जपानात पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदे झाले. परंतु समुद्र काही पूर्वीसारखा झाला नाही. १९७१ साली त्या कोळ्यांनी मासेमारीचे उरलेसुरले हक्कही सोडून दिले आणि त्यांच्या समुद्रावर भराव पडला. त्याच भरावावर पुढे डिस्नेलँड उभे राहिले.

जगातली कुठलीही मौजेची जागा आकाशातून पडत नाही. ती कोणाच्या तरी जमिनीवर, कोणाच्या तरी घामावर उभी असते. मुलाला हे सांगितल्याने त्याची मौज कमी होत नाही. त्याची नजर मात्र मोठी होते.

जपानी शाळेची सहल

आपण जपानकडून घ्यावे असे आम्हाला वाटते ते डिस्नेलँड नव्हे, तर तिथल्या शाळेची सहल. तिला ते 'शुगाकु र्योको' म्हणतात, म्हणजे अभ्याससहल. शाळा मुलांना काही दिवसांच्या मुक्कामाला नेते. कोणी क्योतो आणि नारा ही जुनी शहरे पाहतात, कोणी हिरोशिमाला जातात, कोणी टोकियोला जाऊन डिस्नेलँडही पाहतात.

या सहलीचे पैसे पालकांना एकदम भरावे लागू नयेत म्हणून बऱ्याच शाळा महिन्याच्या महिन्याला थोडी थोडी रक्कम जमा करून घेतात. ज्या घराची कमाई कमी आहे, त्याला सरकारी शिक्षण-साहाय्यातून सहलीचा खर्च मिळू शकतो. गरिबाचे पोर मागे राहू नये, वर्गातली सगळी मुले एकत्र जावीत, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे सहलीची चिठ्ठी घरी आली की कितीतरी मुले ती आईला दाखवतच नाहीत, "मला नाही आवडत सहल" म्हणतात. त्या पोरांचे मन आपल्याला ठाऊक आहे.

या सहलींमधले नारा शहर तर आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावेच. तिथल्या तोदाइ-जी विहारात सुमारे १५ मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. इ. स. ७५२ मध्ये तिच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला, तेव्हा मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्खूला मिळाला होता. विहाराभोवतीच्या सार्वजनिक उद्यानात हजारावर हरणे मोकळी फिरतात आणि मुलांच्या हातची बिस्किटे खातात. जपानच्याच कोयासान विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसवला गेला. तेव्हा जपान म्हणजे केवळ मिकी माऊस नव्हे, एवढे आपल्या मुलांना कळले तरी पुष्कळ.

आणखी एक गोष्ट. ५ मे हा जपानात बालदिन आणि राष्ट्रीय सुट्टी असतो. १९४८ सालच्या कायद्याने ही सुट्टी ठरली. कायद्यात तिचा हेतू असा सांगितला आहे, की मुलांच्या व्यक्तिमत्त्वाचा आदर करावा, त्यांच्या सुखाची काळजी घ्यावी आणि आईविषयी कृतज्ञता बाळगावी. मुलांच्या सुट्टीत आईची आठवण ठेवणारा हा कायदा आम्हाला फार आवडला. आपल्या घरी सहल निघते, तेव्हा पहाटे चारला उठून पोळ्या लाटणारी आई सहलीत सर्वांत दमलेली असते, हे आपण कधी पाहतो का?

फाटक कोणाला उघडे?

पुण्याच्या लोकांना बाग आणि तळ्याच्या फाटकाची गोष्ट वेगळी सांगायला नको. सारसबाग आणि पेशवे पार्क ज्या पर्वतीच्या पायथ्याशी आहेत, त्याच पर्वतीवर १३ ऑक्टोबर १९२९ रोजी आपल्या लोकांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखे पुढारी त्यात होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्याआधी दोन वर्षे महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल मार खावा लागला होता.

संविधानाच्या १५ व्या कलमाने हे फाटक मोडले. त्याचा दुसरा भाग मुद्दाम वाचावा. दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश करताना जातीवरून, धर्मावरून वा स्त्री-पुरुष भेदावरून कोणालाही अडवता येणार नाही. सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा वापरतानाही नाही. म्हणजे नगरपालिकेची बाग असो की खाजगी मालकाचे थीम पार्क, फाटकावर जात विचारण्याची कोणाची हिंमत होता कामा नये.

परंतु आता फाटकावर दुसरा पहारेकरी उभा आहे, तो म्हणजे तिकीट. तो जात विचारत नाही, खिसा विचारतो. आणि कोणाचा खिसा रिकामा राहिला, हे आपल्याला माहीत आहे.

तिकिटाइतकीच दुसरी अडचण सवडीची. मजुरी बुडवून सहल कशी करायची? इथेही बाबासाहेबांची आठवण होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षभर काम केलेल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. कंपनीतला माणूस आज भरपगारी रजा टाकून मुलांना फिरायला नेतो, तेव्हा त्या रजेमागे हे काम उभे असते.

पण घरकाम करणाऱ्या बाईला, कंत्राटावर झाडू मारणाऱ्या माणसाला ही रजा कुठे आहे? १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढीबरोबर पगारी रजा हीसुद्धा त्यांची मागणी होती. ज्या घरांत आपल्या भगिनी काम करतात, तिथे मे महिन्यात चार दिवसांची पगारी सुट्टी मागायला कचरू नये. मालकीणबाई जपानला जाऊ शकते, तर तिच्या कामवालीला कात्रजला जाता आले पाहिजे.

पुण्यातले जपान

ज्याला जपानची बाग पाहायची आहे, त्याने सिंहगड रस्त्यावर जावे. दांडेकर पूल आणि जनता वसाहत या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांजवळच पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्याचे दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. 'पूर्वरंग' या पुस्तकात पु. लं.नी आपला जपानचा प्रवास सांगितला आहे, तेव्हा हे नाव बागेला शोभतेच. महापालिकेची ही सुमारे दहा एकरांची बाग २००६ साली लोकांसाठी खुली झाली. जपानमधल्या ओकायामा शहरातील कोराकुएन या प्रसिद्ध बागेवरून ती रचली आहे.

कोराकुएनची हकिगत ऐकण्याजोगी आहे. इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने १६८७ साली ती बाग करायला घेतली आणि १७०० साली ती पुरी झाली. ती सरदाराच्या विश्रांतीसाठी होती. १८८४ साली ती प्रांताच्या सरकारकडे आली आणि सर्वांना खुली झाली. १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिची नासधूस झाली, तेव्हा जुनी चित्रे समोर ठेवून लोकांनी ती पुन्हा उभी केली. सरदाराची बाग जनतेची झाली आणि जनतेने ती जपली, हा त्या हकिगतीचा सारांश आहे.

पुण्याच्या बागेत मुलांना नेले तर काय दाखवावे? जपानी बाग एका जागी बसून पाहायची नसते, चालत चालत पाहायची असते. वाट मुद्दाम वळणावळणाची ठेवतात. प्रत्येक वळणावर नवे दृश्य, कधी पूल, कधी झरा, कधी हिरवा उंचवटा. बागेबाहेरचे डोंगर आणि झाडी हीसुद्धा जणू बागेचाच भाग आहे अशा बेताने रचना करतात. जपानी भाषेत याला 'उसने घेतलेले दृश्य' अशा अर्थाचा शब्द आहे. मुलांना खेळ द्यावा, "या बागेने बाहेरचे काय काय उसने घेतले आहे, शोधा बघू." अर्धा तास ती त्यात रमतील. तळ्यातल्या रंगीत माशांपाशी आणखी अर्धा तास जाईल.

बागेतले वाहते पाणी शेजारच्या कालव्याचे आहे. हाच मुठेचा उजवा कालवा २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसला. शेकडो घरांतली भांडी, कपडे, मुलांची दप्तरे वाहून गेली. एका कालव्याने बागेत झरा वाहतो आणि वस्तीत पूर येतो. कालव्याच्या भिंतीची डागडुजी आणि वस्तीतल्या मुलांची खेळायची जागा हे दोन्ही विषय बागेइतकेच महत्त्वाचे आहेत, हे नगरसेवकाला सांगण्याचे काम मोठ्यांचे.

एका दिवसात काय काय होईल?

पुण्यात थोड्या पैशांत होण्यासारख्या सहली पुष्कळ आहेत. आम्ही त्यातल्या काही इथे देतो.

पेशवे पार्कची फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झाली. ज्या वर्षी नागपूरला दीक्षा झाली, त्याच वर्षी. आज आजी-आजोबा असलेली कितीतरी माणसे लहानपणी तिच्यात बसली आहेत. आजीला बरोबर न्यावे आणि नातवाला तिच्याच तोंडून ते ऐकू द्यावे. गाडी देखभालीसाठी कधी बंद असते, म्हणून आधी चौकशी करावी.

पूर्वी पेशवे पार्कमध्ये असलेले प्राणी पुढे कात्रजला गेले. तिथले राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकरांवर आहे आणि आत तळे आहे. १९८६ सालापासूनचे सर्पोद्यान हे त्याचे खास आकर्षण. बुधवारी ते बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. चालणे बरेच पडते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचावे.

दापोडी, बोपोडी, खडकीच्या मंडळींना लोणावळा लोकल सोयीची. देहूरोडला उतरले की जवळच तो बुद्धविहार आहे, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली गेली. त्याच लोकलने पुढे मळवलीला उतरून भाजे लेणी करता येतात. तिथे बावीस लेणी आहेत आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. मुलांना सांगावे की हेही त्या काळचे मोठे बांधकामच आहे. छिन्नी-हातोड्याने डोंगर वरून खाली कोरत आणला, एक घाव चुकला तर दुरुस्ती नाही. कोणत्याही यंत्राच्या पाळण्याइतकीच नवलाची ही गोष्ट आहे.

पाऊस आला किंवा ऊन फार असले तर सेनापती बापट रस्त्यावरचे बाबासाहेबांचे संग्रहालय पाहावे. १९९६ साली ते सुरू झाले. तिथे बाबासाहेबांच्या नित्य वापरातल्या वस्तू आहेत. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले होते, हे मुलांना मुद्दाम सांगावे. एवढ्या कामाच्या माणसानेही मन रमवण्यासाठी वेळ काढला, मग आपणच मौजेला पाप का समजावे?

बाहेरगावी जायचे तर लालपरी आहेच. २०२३ सालापासून राज्यातल्या एस.टी.त महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळू लागला. सहल आखताना या सवलतीची चौकशी करून मगच हिशेब मांडावा.

मोठ्या पार्कला जायचेच असेल तर

मुलांना खरेखुरे थीम पार्कच पाहायचे असेल, तर तेही अशक्य नाही. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्रात हा प्रकार रुजला. २०१३ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका उघडले आणि पुढच्या वर्षी त्याचे पाण्याचे पार्कही झाले. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते. पण माणशी तिकीट हजार रुपयांच्या वर जाते, तेव्हा पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, सहलीसाठी व्याजाने पैसे काढू नयेत. फायनान्सवाल्याचा हप्ता शाळा उघडल्यावर दाराशी येतो, नेमका वह्या-पुस्तकांच्या वेळी. एका दिवसाच्या मौजेसाठी वर्षभर मान खाली घालायची नाही.

दुसरी, सुट्टीच्या आणि शनिवार-रविवारच्या दिवशी दर आणि गर्दी दोन्ही जास्त असतात. आडवारी जावे. मुलांचे तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नव्हे, उंचीवर ठरते, म्हणून आधी उंची मोजून घ्यावी. शाळा-संस्थांच्या गटाला सवलत मिळते का, ते फोनवर विचारावे.

तिसरी, मोठ्या पार्कमध्ये बाहेरचे जेवण सहसा आत नेऊ देत नाहीत आणि आतले महाग असते. भरपेट न्याहारी करून आत जावे, डबा गाडीत ठेवावा. पाण्याच्या पार्कमध्ये नायलॉनचे कपडे लागतात. भाड्याने घेण्यापेक्षा घरून आणलेले चालतील का, हे विचारून ठेवावे.

चौथी, जिवाची काळजी. कोणत्या पाळण्याला किती उंची लागते याची पाटी असते. "बसू द्या हो एकदा" म्हणून कामगाराशी हुज्जत घालू नये, तो नियम आपल्याच लेकराच्या जिवासाठी आहे. ओढणी, मोकळे केस, सैल बांगड्या यांची नीट व्यवस्था करावी. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी वेगवान पाळण्यात बसू नये. लहान मुलाच्या खिशात घरच्या फोनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आत शिरतानाच ठरवावे.

सहलीची भिशी

जपानी शाळा जे महिन्याच्या हप्त्याने करते, ते आपल्या वस्तीतल्या महिलांना अवघड नाही. भिशी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लग्नाची भिशी चालते, भांड्यांची भिशी चालते, मग मुलांच्या सहलीची का नको?

समजा, विहारात येणाऱ्या दहा घरांनी ठरवले. जूनमध्ये शाळा उघडली की प्रत्येक घराने आठवड्याला ५० रुपये द्यायचे. मार्चअखेरपर्यंत चाळीस आठवडे होतात. एका घराचे २,००० आणि दहा घरांचे २०,००० रुपये जमतात. पैसे कोणाच्या डब्यात न ठेवता दोघी-तिघींच्या नावे पोस्टात किंवा बँकेत ठेवावेत. मध्येच कोणाला उसने देऊ नयेत. दर महिन्याला वहीतला हिशेब सर्वांपुढे मोठ्याने वाचावा, आणि तो वाचायला आठवी-नववीतली मुलगी बसवावी. तिचे गणितही होईल आणि हिशेबही चोख राहील. ज्या घरी कमावते माणूस आजारी पडले किंवा काम सुटले, त्या घराचा हप्ता बाकीच्यांनी वाटून घ्यावा. त्या घराची मुले मागे राहता कामा नयेत. सहलीचा खरा धडा तोच आहे.

सहल कुठे न्यायची हे मुलांना ठरवू द्यावे. पैसे किती आणि खर्च किती, ते त्यांच्यापुढे मांडावे आणि हात वर करून मत घ्यावे. मुलीचे मत मुलाच्या मताइतकेच मोजावे. "पोरींना कशाला न्यायचं, लांब आहे" असे म्हणणाऱ्या आजोबांना आम्ही एवढेच सांगू, की सार्वजनिक जागेत स्त्रीलाही अडवता येणार नाही, असे संविधानाचे तेच १५ वे कलम सांगते. ते घराच्या उंबऱ्यापासून पाळायला हरकत नाही.

सहलीच्या दिवशी आईला सुट्टी द्यावी. पोळ्या आदल्या रात्री सर्वांनी मिळून कराव्यात, नाहीतर त्या दिवशी पुरुषांनी पोहे करावेत. बाटल्या बापाने भराव्यात, धाकट्याला ताईने नव्हे तर दादाने कडेवर घ्यावे. बागेत आईला झाडाखाली स्वस्थ बसू द्यावे. तिलाही झोपाळ्यावर बसावेसे वाटले, तर कोणी हसू नये.

आणि एक काम सहलीहून परतल्यावरचे. आपल्या वस्तीजवळ बाग आहे का? असली तर तिचे झोपाळे धड आहेत का, दिवे लागतात का, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? शहराच्या विकास आराखड्यात बागांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. आपल्या भागात अशी जागा कोणती आणि तिचे पुढे काय झाले, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून विचारता येते. तो अर्ज दहावी झालेल्या मुलाकडून लिहून घ्यावा. जपानचे तिकीट सर्वांना परवडणार नाही. पण घरापासून चालत जाता येईल अशी, फाटक उघडे असलेली, सावली आणि पाणी असलेली बाग प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे. ती महापालिकेची मेहेरबानी नव्हे, आपल्या पैशातून होणारे काम आहे.

तेव्हा मुलाने "सुट्टीत कुठं जायचं?" असे विचारले, तर वही-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसावे आणि म्हणावे, "चल, ठरवू या." या सुट्टीत फुलराणी, पुढच्या सुट्टीत भाजे लेणी, भिशी पिकली की खोपोली. आणि पोराने मनावर घेऊन जपानी शिकले, तर एक दिवस तेच आईचा हात धरून तिला नाराची हरणे दाखवायला नेईल.